पहिले दोन पॅनकेक फुगतात, मग पुढचे चपटे का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सहा माणसं आणि सगळ्यांना एकदम भूक लागलेली. मैदा, अंडी, दूध, बेकिंग पावडर घालून पॅनकेक केले की पहिले दोन-तीन छान फुगतात. नंतरचे चपटे आणि चिवट निघतात, काही बाहेरून काळपट आणि आत ओले राहतात. शेवटच्याच्या ताटात पॅनकेक पडेपर्यंत आधी केलेले गार होऊन दमट झालेले असतात. कृती तीच, मिश्रण तेच, मग बिघडतं कुठे?

पहिले दोन चांगले होतात, म्हणजे तुमचं प्रमाण फारसं चुकलेलं नाही. बिघाड होतो तो मिश्रण कालवल्यापासून शेवटचा पॅनकेक तव्यावर पडेपर्यंतच्या वेळात. त्या वेळात मिश्रणातली हवा निघून जाते, तवा गरजेपेक्षा जास्त तापतो आणि झालेले पॅनकेक एकमेकांवर रचून स्वतःच्याच वाफेत भिजतात. तिन्ही गोष्टी सहज टाळता येतात. तरी आधी प्रमाण पक्कं करून घेऊ, कारण पातळ मिश्रण असेल तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या बारा पॅनकेकसाठी मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ सपाट टीस्पून (सुमारे १२ ग्रॅम), साखर २५ ग्रॅम, मीठ अर्धा टीस्पून, अंडी २, दूध ३३० मिलिलिटर आणि वितळवून कोमट केलेलं लोणी ५० ग्रॅम. लोणी खारं असेल तर वरचं मीठ निम्मं करा. सहा जणांना प्रत्येकी तीन द्यायचे तर सगळं दीडपट घ्यायचं, अंडी तीन. साखर वाढवायचा मोह टाळा. गोडवा वरून घालता येतो, पण मिश्रणातली जास्तीची साखर तव्यावर लवकर करपते आणि आतला भाग शिजायच्या आधी पॅनकेक उतरवावा लागतो.

शक्य असेल तर मैदा वजन करूनच घ्या. चमच्याने अलगद भरलेल्या कपात सुमारे १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांत ५० ग्रॅमचा फरक पडला की एक दिवस मिश्रण घट्ट गोळा होतं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यासारखं वाहतं, आणि आपण दोष देतो कृतीला.

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषून घेणारा स्टार्च असतो. हल्ली मिळणारी बहुतेक बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते: ओलं लागताच थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, बाकीचा उष्णता लागल्यावर. म्हणूनच मिश्रण दहा मिनिटं ठेवलं तरी चालतं, पण तासभर ठेवलं तर चालत नाही. डबा उघडून सहा महिने झाले असतील तर आधी तपासा. पाव कप गरम पाण्यात अर्धा टीस्पून पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक. पृष्ठभागावर नुसते चार बुडबुडे आले तर तो डबा टाकून द्या. जुनी आहे म्हणून चमचाभर जास्त घालणं हा उपाय नव्हे. फुगणं वाढत नाही, कडवट आणि धातूसारखी चव मात्र येते.

आता कालवण्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त पॅनकेक इथेच बिघडतात.

मोठ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, साखर आणि मीठ हाताच्या फेटणीने अर्धा मिनिट नीट ढवळून घ्या. या टप्प्यावर कितीही ढवळा, काही बिघडत नाही, उलट पावडर सगळीकडे सारखी पसरते. दुसऱ्या भांड्यात अंडी फेटा, त्यात दूध घाला, मग कोमट लोणी. दूध आणि अंडी खोलीच्या तापमानाला आलेली हवीत. फ्रिजमधून काढलेल्या दुधात वितळलेलं लोणी पडलं की ते लगेच थिजून त्याचे कण होतात आणि पॅनकेकमध्ये कुठे तुपकट ठिपका, कुठे कोरडा भाग असं होतं. लोणी कढत असेल तर अंड्याच्या गुठळ्या होतात. बोटाला जेमतेम ऊब जाणवेल इतपतच गरम हवं.

कोरड्या मिश्रणात मधोमध खळगा करून ओलं मिश्रण एकदम ओता. आता फेटणी बाजूला ठेवा आणि रबरी चपटा चमचा किंवा लाकडी चमचा घ्या. भांड्याच्या तळापासून पीठ वर उचलून दुमडायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा उचलायचं. असे बारा ते पंधरा वेळा. कोरड्या मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं. या वेळी मिश्रण दिसायला वाईट दिसतं: खडबडीत, मध्येमध्ये वाटाण्याएवढ्या गुठळ्या. नेमकं असंच हवं आहे. गुळगुळीत दिसावं म्हणून आणखी मिनिटभर फेटलं की मैद्यातल्या प्रथिनांचं ग्लूटेन होऊन त्याची चिवट जाळी तयार होते. त्यातून पॅनकेक रबरासारखा होतो, शिवाय पहिल्या टप्प्यात सुटलेले बुडबुडे फेटण्यानेच फुटून जातात. गुठळ्यांची काळजी करू नका. त्या काही वेळात ओल शोषून मऊ पडतात आणि उरलेल्या तव्यावर विरतात.

मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवा. मैद्यातला स्टार्च पाणी पितो, मिश्रण दाट होतं, ताणलेलं ग्लूटेन सैल पडतं. दाट मिश्रणात बुडबुडा अडकून राहतो, पातळात तो वर येऊन फुटतो. दहा मिनिटांनी झाकण काढलं की वर बारीक बुडबुड्यांची साय आल्यासारखी दिसेल. ती मोडायची नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या सायीत आहे: पहिली खेप घातल्यावर बहुतेक जण दर वेळी डाव भांड्यात फिरवून मिश्रण सारखं करून घेतात. सवयीने हात जातोच. प्रत्येक फिरवणीत साठलेला वायू निघून जातो आणि ग्लूटेन पुन्हा ताणलं जातं. तिसऱ्या खेपेपर्यंत भांड्यातलं मिश्रण खाली बसलेलं असतं. म्हणून डाव कडेने अलगद आत सरकवायचा, भरून उचलायचा, ढवळायचं अजिबात नाही. तळाशी थोडं दाट राहिलं तर राहू द्या.

अठरा किंवा त्याहून जास्त पॅनकेक करायचे असतील तर सगळं एकाच भांड्यात कालवू नका. मोठा ढीग एकजीव करायला जास्त हात मारावे लागतात, आणि शेवटचं मिश्रण अर्धा तास वाट पाहत बसतं. कोरडे जिन्नस दोन भांड्यांत, ओलं मिश्रण दोन जगमध्ये तयार ठेवा. पहिलं भांडं निम्मं संपलं की दुसरं कालवा. त्याची दहा मिनिटं होईपर्यंत पहिलं रिकामं होतं. एवढ्या एका बदलाने शेवटचा पॅनकेक पहिल्यासारखा फुगतो.

दाटपणा अचूक आहे का हे तव्यावरच कळतं. पाव कप, म्हणजे ६० मिलिलिटर मिश्रण एकाच जागी ओता. ते आपोआप १० ते ११ सेंटिमीटरपर्यंत पसरून थांबलं पाहिजे, डावाने पसरवायची गरज पडता कामा नये. १४ सेंटिमीटरपर्यंत पळालं तर पातळ आहे. टेबलस्पूनभर मैद्यात चिमूटभर बेकिंग पावडर मिसळून वरून भुरभुरवा आणि चार-पाच वेळाच दुमडा. ओतल्या जागी ढीग होऊन बसलं तर टेबलस्पूनभर दूध घाला. नीट जमलेलं मिश्रण कच्चं असताना जेमतेम पाऊण सेंटिमीटर जाडीचं असतं आणि शिजून दीड सेंटिमीटरच्या आसपास येतं.

तव्याचं म्हणाल तर जाड बुडाचा हवा, बिडाचा असो की नॉनस्टिक. पातळ तव्यावर ज्वाळेच्या वर तेवढा करपतो आणि कडा पांढऱ्या राहतात. मध्यम-मंद आचेवर निदान पाच मिनिटं तापवा, बिडाचा असेल तर आठ-दहा. पृष्ठभाग १८० ते १९० अंश सेल्सिअसला हवा. तापमापक नसेल तर पाण्याचे थेंब शिंपडून पाहा. थेंब पसरून चुर्र करत हळूहळू आटला तर तवा अजून तापायचा आहे. थेंब गोळी होऊन नाचू लागले की तवा तयार, आणि पहिली खेप घालायच्या आधी आच थोडीशी कमी करा. लोणी टाकून तापवत बसू नका. लोण्यातले दुधाचे कण १५० अंशांच्या आसपास काळे पडू लागतात, म्हणजे पॅनकेकला लागणाऱ्या तापमानाच्या बरेच आधी. वास न येणारं तेल दोन-तीन थेंब टाका आणि घडी घातलेल्या कागदाने ते जवळजवळ पुसून काढा. तवा चकचकीत दिसावा, तेल दिसू नये. तेल जास्त झालं की पॅनकेकच्या खाली ते उकळतं, आणि सारखा सोनेरी रंग येण्याऐवजी पांढरे-तपकिरी डाग आणि कुरकुरीत जाळीदार कडा येतात. लोण्याची चव मिश्रणात आहेच, वरूनही लावता येते.

२८ सेंटिमीटरच्या तव्यावर एका वेळी तीनच मावतात. त्यात चौथा कोंबला की उलथनं शिरत नाही आणि उलटताना एकमेकांवर आदळतात.

आता तव्याकडे बघत उभं राहायचं. पहिल्या मिनिटात काहीच घडत नाही असं वाटतं. मग कडेजवळ एखादा बुडबुडा वर येतो, फुटतो, आणि त्याचं भोक ओल्या मिश्रणाने लगेच बुजतं. अजून थांबा. थोड्या वेळाने कडेची चकाकी जाते, ती मंद, कोरडी दिसू लागते, आणि कडेलगत फुटलेल्या बुडबुड्यांची भोकं उघडीच राहतात. मधला भाग तेव्हाही ओलसर असतो. हीच उलटायची वेळ. आच बरोबर असेल तर याला दोन ते अडीच मिनिटं लागतात. सगळा पृष्ठभाग भोकाभोकांचा आणि कोरडा होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. वायू निघून गेलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला फुगायला काही उरत नाही. उलट भोकं बुजत असतानाच उलटलात तर कच्चं मिश्रण बाजूने सांडतं. पातळ रुंद उलथनं पूर्ण खाली सरकवा, तव्यापासून फार वर न उचलता मनगटाने एका झटक्यात पालथा करा. उलटल्यावर तो डोळ्यांसमोर वर येतो. आता उलथन्याने दाबायचं नाही. दाबल्याने लवकर शिजतो हा समज चुकीचा आहे. इतका वेळ जपलेली जाळी त्या एका दाबात बसते आणि ती पुन्हा उठत नाही. दुसरी बाजू एक ते दीड मिनिट. मधोमध बोटाने हलकं टेकवलं की स्पंजसारखं परत वर आलं पाहिजे. पुन्हा उलटू नका.

दुसऱ्या खेपेनंतर तवा तुमच्या नकळत तापत जातो, कारण आच तीच असली तरी बुडात उष्णता साठत राहते. बाहेरून काळपट, आत ओले पॅनकेक इथून येतात. असा पॅनकेक उतरवला की मिनिटभरात मधे खचतो: आतला स्टार्च आणि अंडं घट्ट बसण्याआधीच बाहेरच्या रंगाला भुलून तो उतरवलेला असतो, आणि आतला वायू गार होऊन आकसला की त्याला धरायला भिंती नसतात. प्रत्येक खेपेनंतर तवा कागदाने पुसा, म्हणजे जळलेले कण पुढच्याला चिकटत नाहीत. दोन मिनिटं व्हायच्या आत तळ गडद होऊ लागला की आच कमी करून अर्धा मिनिट थांबा. पॅनकेक पांढरट आणि कोरडट होत असतील तर उलटं, तवा थंड आहे. मंद तव्यावर तो हळूहळू वाळतो आणि फुगायच्या आधीच त्याचा पृष्ठभाग घट्ट होतो.

झालेले पॅनकेक ताटात एकावर एक रचून झाकण ठेवणं हे दमटपणाचं मूळ. ओव्हन ९० ते १०० अंशांवर ठेवा, ट्रेवर जाळी ठेवून पॅनकेक एका थरात पसरा. वीस मिनिटं ते छान राहतात, त्यापुढे कडा वाळतात. ओव्हन नसेल तर जाळीवर पसरून वरून सुती कापड सैल टाका. वाढताना रचा, त्याआधी नको. दोन तवे असतील तर दोन्ही लावा. एका तव्यावर तीनच्या हिशोबाने अठरा पॅनकेकना सहा खेपा, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, दोन तव्यांवर निम्मी वेळ.

सगळ्यांना खरोखर एकदम हवं असेल तर तवा सोडा आणि हेच मिश्रण ओव्हनमध्ये करा. २५ बाय ३८ सेंटिमीटरच्या कडा असलेल्या ट्रेत बेकिंग कागद घालून तो लोण्याने पुसा, २५० ग्रॅम मैद्याचं सगळं मिश्रण ओतून हलक्या हाताने कोपऱ्यांपर्यंत न्या आणि २२० अंशांवर आधीपासून तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १४ मिनिटं ठेवा. बारा चौकोन कापा. तव्यासारखी सोनेरी त्वचा येत नाही, पण मऊपणा तोच, आणि सगळे गरम खातात.

दही घालून केलेले पॅनकेक मला साध्यांपेक्षा सरस वाटतात. ३३० मिलिलिटर दुधाऐवजी २०० ग्रॅम आंबट दही आणि १५० मिलिलिटर दूध फेटून घ्या, बेकिंग पावडर २ टीस्पूनवर आणा आणि खाण्याचा सोडा अर्धा टीस्पून घाला, चाळून. दह्यातलं आम्ल सोड्याशी लगेच झगडतं, म्हणून मिश्रण पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. दही स्वतःच दाट असल्याने बुडबुडे चांगले अडकतात, आणि सोड्यामुळे आम्ल कमी झाल्याने रंगही लवकर चढतो, तेव्हा आच किंचित कमी. दही न घालता नुसता सोडा वाढवला तर त्याला झगडायला आम्ल मिळत नाही, चव साबणासारखी लागते आणि पॅनकेक पिवळट दिसतो.

अंड्याशिवाय करायचे तर वरचं दह्याचं प्रमाण घ्या, अंड्यांच्या जागी ५० मिलिलिटर दूध वाढवा, आणि टेबलस्पूनभर जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. अंडं जाळीच्या भिंती घट्ट करतं, ते नसल्याने हे पॅनकेक उलटताना मोडतात. ८ सेंटिमीटरपेक्षा मोठे करू नका आणि पहिली बाजू शिजताना शेवटचं अर्धा मिनिट झाकण ठेवा.

मैद्याच्या जागी निम्म्यापर्यंत कणीक चालते. कोंडा पाणी जास्त पितो, त्यामुळे दूध दोन-तीन टेबलस्पून वाढवा आणि मिश्रण पंधरा मिनिटं ठेवा. सगळीच कणीक घातली तर चव चांगली लागते, पण एवढे फुगत नाहीत, कारण कोंड्याचे कण बुडबुड्यांच्या भिंती फोडतात.

अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून घालण्याबद्दलही नेहमी विचारलं जातं. त्याने पॅनकेक नक्की हलका होतो. पांढरा भाग टोक धरेपर्यंत फेटा आणि बाकीचं मिश्रण दहा मिनिटं ठेवून झाल्यावर शेवटी दोन भागांत अलगद दुमडा. पण ही हवा फार टिकत नाही. चार जणांच्या एका खेपेला ठीक, सहा जणांच्या रांगेला नाही.

फळं मिश्रणात कालवू नका. पॅनकेक तव्यावर ओतल्यावर वरून चार-पाच तुकडे टाका. केळ्याच्या चकत्या अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. ब्लूबेरी मिश्रणात चिरडली आणि त्यात सोडा असला की तिचा जांभळा रंग हिरवट-करडा होतो. खायला हरकत नसते, दिसायला मात्र मुलं नाकं मुरडतात. चॉकलेटचे तुकडेही वरूनच, कारण तव्याला थेट लागले की जळतात आणि पुढच्या सगळ्या खेपांना तो वास लागतो.

सकाळची घाई असेल तर रात्री कोरडं मिश्रण एका डब्यात आणि ओलं, लोणी सोडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ओलं मिश्रण अर्धा तास आधी बाहेर काढा, लोणी वितळवून घाला आणि कालवा. कालवलेलं मिश्रण रात्रभर ठेवू नका. उरलेले पॅनकेक जाळीवर पूर्ण गार करा, ट्रेवर सुटे पसरून तासभर फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा. दोन महिने चांगले राहतात. गरम करताना बर्फ सुटायची वाट न पाहता थेट टोस्टरमध्ये घाला, किंवा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी दोनच, तीस-चाळीस सेकंद. तिथे ते लगेच खाल्ले तर मऊ लागतात, पाच मिनिटं ठेवले की चामट होतात.